मासे आणायच्या आधी टाकी सायकल कशी करायची (मुंबईच्या पाण्यात)

नवीन टाकी घेतली की दुकानदार त्याच फेरीत मासे पण बांधून देतो, सोबत एक निळं औषध, एक पिवळं औषध, थोडं जाडं मीठ, आणि सांगतो की पाणी भरा, अर्ध्या तासाने सोडा, काही होत नाही. आणि खरंच पहिले दोन-तीन दिवस काही होत नाही. मग एक दिवस मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात, एकेक करून जातात, आपण म्हणतो मासेच आजारी होते, परत दुकानात जातो, परत मासे. यात माशांचा दोष नसतो आणि पाणी दिसायला तर चकाचक असतं. टाकी सायकल झालेली नसते, बाकी काही नाही.

सायकल म्हणजे काय ते आधी थोडक्यात, कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, वर त्याची शी आणि उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया. अमोनिया माशाला विषारी. एका प्रकारचे बॅक्टेरिया हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, पण नायट्राइटपण विषारीच, ते रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. मग दुसऱ्या प्रकारचे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे दोन्ही प्रकारचे बॅक्टेरिया टाकीत पुरेसे वाढवायचे आणि मगच मासे आणायचे, एवढंच काम आहे.

जुन्या पुस्तकांत दुसऱ्या बॅक्टेरियाचं नाव नायट्रोबॅक्टर दिलेलं असतं. 1998 मध्ये संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पायरा करताना सापडले, आणि 2015 मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं दोन्ही काम एकटेच करतात. आपल्याला याचा उपयोग इतकाच की बाटलीतले बॅक्टेरिया विकत घेणार असाल तर लेबलवर नायट्रोस्पायरा आहे का ते वाचा.

हे बॅक्टेरिया हळू वाढतात. दह्याचे जंतू एका रात्रीत काम उरकतात, यांना एकदा दुप्पट व्हायलाच एक दिवस किंवा जास्त लागतो. म्हणून सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. मुंबईच्या उकाड्याचा इथे फायदाच होतो, 25 ते 30 डिग्री पाणी यांना मस्त मानवतं, हीटर लागत नाही. बेडरूममध्ये रात्रभर एसी चालत असेल आणि टाकी तिथेच असेल तर मात्र वेळ थोडा जास्त धरा.

टाकी आणि फिल्टर

मी इथे दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकी धरून चालते, कारण मुंबईच्या घरात हीच बसते आणि सगळीकडे मिळते. हिशोबाने त्यात 56 लिटर मावतात, पण खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी पन्नासच्या आतच. पुढचे सगळे डोस 50 लिटरला दिलेत, तुमची टाकी छोटी-मोठी असेल तर त्या प्रमाणात. भरल्यावर काच, खडी, पाणी मिळून सत्तर किलोच्या आसपास वजन होतं, म्हणजे टीव्ही युनिटच्या हलक्या फळीवर ठेवू नका, आणि खाली थर्मोकोल घाला. गोल बाउल घेऊच नका, त्यात सायकलचा विषय काढण्यात पण अर्थ नाही.

फिल्टर नवख्यांनी स्पंज फिल्टर घ्यावा असं माझं मत आहे. स्वस्त आहे, एअर पंपावर चालतो, बिघडायला त्यात काही नाही, आणि बॅक्टेरियाला राहायला जागा भरपूर. बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. म्हणून मित्राच्या टाकीतलं जुनं पाणी बाटलीत भरून आणलं की सायकल होते हे जे सांगतात त्याला काही अर्थ नाही. त्याच मित्राच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणा, ते खरं विरजण. तो तुकडा ओलाच आणायचा, तासाभरात तुमच्या फिल्टरला लावायचा, मग सहा आठवड्यांचं काम दोन आठवड्यांत पण होऊ शकतं. दुकानातल्या टाकीतून मात्र मी स्पंज आणणार नाही, तिथे रोज नवीन मासे येतात आणि त्यांच्यासोबत काय काय येतं कोणाला माहीत.

खडी नळाखाली पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, साबण नाही. जुहूची वाळू आणू नका. ती खारट असते, बाकी काय असतं ते न बोललेलं बरं.

पाणी

बीएमसीचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं, म्हणजे मुळात साठवलेलं पावसाचं पाणी, आणि आजूबाजूचा दगड काळा बेसाल्ट, चुनखडी नाही. त्यामुळे ते मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी (क्षार जास्त असले की जड). पिण्याला छान, साबणाला फेस छान, पण सायकलच्या वेळी हाच मऊपणा नडतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय आणि तो भाग प्लीज सोडू नका.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल, किंवा सोसायटी दोन्ही एकाच टाकीत मिसळत असेल, तर तुमची कहाणी वेगळी, ते पाणी बहुतेक जड निघतं. आरओचं पाणी टाकीत घालू नका, महाग म्हणून नाही, तर त्यातले क्षार आधीच काढून टाकलेले असतात आणि बॅक्टेरियाला ते लागतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्याचं कामच बॅक्टेरिया मारणं. एकतर पाणी बादलीत भरून 24 तास उघडं ठेवा, एअर स्टोन (एअर पंपाला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर अजून चांगलं, नाहीतर अँटी-क्लोरीन घाला. दुकानात पांढऱ्या खड्यांच्या स्वरूपात जे मिळतं ते सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तेच. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला किंवा सोसायटीची टाकी नुकतीच साफ झाली असेल तर नुसत्या 24 तासांवर विसंबू नका, अँटी-क्लोरीन घालाच.

ते निळं औषध सायकल चालू असताना अजिबात घालायचं नाही. ते मिथिलीन ब्लू असतं, बुरशीसाठी आहे, आणि आपण जे बॅक्टेरिया वाढवतोय त्यांनाच मारतं. अँटिबायोटिकचंही तेच.

टेस्ट किट

पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका. लाइट साधी घ्या, मागचं पोस्टर घेऊच नका, पण अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचचं (पाणी किती आम्ल ते) थेंबवालं किट घ्या, आणि केएचचं (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, ते का लागतं हे खाली येतं) वेगळं मिळतं ते पण. पट्ट्यांचं किट स्वस्त पडतं पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी चार वेळा उघडली की पट्ट्या दमट होऊन रंग काहीही दाखवायला लागतात. एपीआय कंपनीचं किट ऑनलाइन मिळतं, क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव माशांच्या दुकानांत विचारलं तर तिथेही मिळून जाईल. त्यात अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा, नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेटची दोन नंबरची बाटली जोरजोरात तीस सेकंद हलवायची, टेबलावर आपटलीत तरी चालेल, त्यातलं रसायन तळाशी बसतं आणि न हलवता टेस्ट केली की नायट्रेट कायम शून्य दिसतं, मग लोक म्हणतात सायकल होतच नाही.

अमोनिया कुठून आणायचा

मासे नाहीत तर अमोनिया कोण देणार, तर आपण. सगळ्यात सोपा मार्ग नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकायचा आणि भस्सकन धूर यायचा, तोच नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. पण बाजारातली कल्हईची वडी घेऊ नका, ती शुद्ध नसते. लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत मागा, किंवा ऑनलाइन, लहान पुडी वर्षभर पुरते. घरात लहान मुलं असतील तर वर ठेवा, आणि चुन्याच्या संपर्कात येऊ देऊ नका, दोन्ही मिसळले की अमोनियाचा झणझणीत वायू सुटतो, शाळेच्या प्रयोगशाळेत नाकात गेला असेल तर आठवेल.

मिश्रण असं करा: 16 ग्रॅम नवसागर अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा. या मिश्रणाच्या 1 मिलीमध्ये साधारण 10 मिलिग्रॅम अमोनिया येतो. म्हणजे 50 लिटर टाकीत 10 मिली घातलं की अमोनिया 2 पीपीएम, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम. मोजायला औषधाची सिरिंज घ्या. 16 ग्रॅम मोजायला सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा लागतो, स्वयंपाकघरातला काटा इतकं बारीक नीट मोजत नाही.

कोलंबीचा तुकडा जुन्या मोज्यात बांधून टाकीत टांगायचा ही पण पद्धत आहे आणि ती चालते, तुकडा कुजतो आणि अमोनिया सुटतो. पण किती सुटला यावर आपला ताबा नाही आणि तिसऱ्या दिवसापासून जो वास येतो तो शाकाहारी सोसायटीत राहत असाल तर कमिटीपर्यंत जाईल. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकणं हा त्यातल्या त्यात सभ्य पर्याय, पण हळू आणि घाण करणारा. फरशी पुसायचे अमोनियावाले लिक्विड वापरू नका, त्यात सुगंध आणि साबण असतो.

आता सुरुवात

पाणी भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर चालू करा आणि तो आता कधीच बंद करायचा नाही, रात्रीपण नाही. लाइट बंद ठेवा, मासे नाहीत तर लाइटचा फायदा फक्त शेवाळाला. खरी झाडं लावली असतील तर मात्र लाइट लागेल, आणि झाडंही अमोनिया खातात त्यामुळे तुमचे आकडे माझ्यापेक्षा कमी येतील, त्याने घाबरू नका.

सुरुवात करण्याआधी नळाच्या पाण्याचं पीएच आणि केएच मोजून कुठेतरी लिहून ठेवा. मग 10 मिली नवसागराचं पाणी, तासाभराने अमोनिया टेस्ट, 2 च्या आसपास यायला हवा. सोबत माशांच्या खाण्याची अगदी एक चिमूट, कारण बॅक्टेरियाला थोडा फॉस्फरस पण लागतो आणि तो नवसागरात नसतो.

मग काही होत नाही. आठवडाभर अमोनिया 2 ला चिकटून बसतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी चुकलंय, जास्त घालून बघूया. घालू नका. 4-5 पीपीएमच्या वर गेलं की सायकल पळत नाही, उलट अडखळते. रोज टेस्ट करायची पण गरज नाही, दोन-तीन दिवसांनी एकदा. याच काळात पाणी दुधाळ दिसू शकतं, ते दुसऱ्याच प्रकारचे बॅक्टेरिया पाण्यात वाढलेले असतात, त्यांचा सायकलशी संबंध नाही, आपोआप बसतं, त्यासाठी पाणी बदलू नका आणि कुठलं क्लिअर करणारं औषध तर अजिबात नको.

एक दिवस अमोनिया कमी आलेला दिसेल आणि नायट्राइटची नळी जांभळी होईल. पहिला टप्पा झाला. आता इथे बरेच लोक दर वेळी अमोनिया शून्य झाला की पूर्ण डोस मारत राहतात आणि नायट्राइट एवढं वाढतं की टेस्टचा रंग मोजपट्टीच्या बाहेर जातो. हिशोब बघा, 2 पीपीएम अमोनियापासून साधारण 5.4 पीपीएम नायट्राइट तयार होतं, आणि बहुतेक किटची पट्टी 5 लाच संपते. म्हणजे एका डोसमध्येच पट्टी फुल. त्यामुळे नायट्राइट दिसलं की डोस अर्धा करा, 5 मिली, आणि तो पण दोन-तीन दिवसांतून एकदा, अमोनिया शून्याला आल्यावरच. नायट्राइट फारच वर गेलं असं वाटलं तर अर्धं पाणी बदला, बॅक्टेरिया पाण्यात नसतातच त्यामुळे ते वाहून जातील ही भीती नको.

नायट्राइटचा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा असतो, दोन-तीन आठवडे जांभळं ते जांभळंच. आणि एक गंमत, नायट्रेटची टेस्ट नायट्राइटपण मोजते, त्यामुळे या काळात नायट्रेट खूप दिसलं तर लगेच खूश होऊ नका.

सायकल अडकली तर आधी केएच बघा

मुंबईत मध्येच अडकलेली सायकल दिसली की माझा पहिला संशय केएचवर असतो. लोक बॅक्टेरियाची बाटली बदलतात, फिल्टर बदलतात, अमोनिया वाढवतात, आणि केएच कोणीच मोजलेला नसतो.

केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट, जो पीएचला धरून ठेवतो, आणि तो डिग्रीत मोजतात (तापमानाची डिग्री नव्हे). बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते आम्ल हा बायकार्बोनेट खातो. 2 पीपीएम अमोनियाचा एक डोस पूर्ण पचला की केएच साधारण 0.6 ते 0.7 डिग्रीने उतरतो. आता जड बोअरवेलच्या पाण्यात केएच 10 असेल तर कोणाला पत्ता पण लागत नाही. पण तुमच्या नळाचा केएच 2 आला तर तीन पूर्ण डोस आणि खेळ खलास. मग पीएच धाडकन पडतो, 7 वरून 6.5, मग 6. साडेसहाच्या खाली बॅक्टेरिया सुस्तावतात आणि 6 च्या आसपास काम जवळजवळ बंद करतात. तुम्हाला दिसतं काय, तर कालपर्यंत नीट उतरणारा अमोनिया आज हलतच नाही.

उपाय स्वयंपाकघरात आहे. खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बेकिंग पावडर नाही आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नाही. सपाट एक चहाचा चमचा, साधारण 5 ग्रॅम, 50 लिटरला केएच 3 डिग्रीच्या आसपास वाढवतो. ग्लासभर पाण्यात विरघळवून घाला, तासाभराने पीएच बघा, पुढच्या एक-दोन दिवसांत बॅक्टेरिया परत कामाला लागलेले दिसतील. टाकीत मासे नाहीत म्हणून एकदम घालता येतो, मासे असताना असा झटका द्यायचा नाही. सायकलभर केएच 4 च्या खाली जाऊ देऊ नका. केएचची टेस्ट सोपी आहे, एकेक थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं, एपीआयच्या किटमध्ये जितके थेंब तितक्या डिग्री.

सोडा हा तात्पुरता झाला. मासे आल्यावरही हे आम्ल तयार होतच राहणार, त्यामुळे कायमचा बंदोबस्त म्हणून फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत मूठभर कोरल चिप्स ठेवतात. घरी तिसऱ्या होत असतील तर त्यांच्या शिंपल्या पण चालतात, उकळून, मांस पूर्ण काढून, दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवून. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या हळूहळू विरघळतात आणि पाणी सावरतात, त्यामुळे जास्तीची भीती फारशी नसते.

यातला एक धोका मासे असलेल्या टाकीत येतो आणि तो माहीत असायला हवा. पीएच पडलेला असताना अमोनिया पाण्यात साठतो खरा, पण अमोनियम या रूपात असतो, ज्याचा माशाला फारसा त्रास होत नाही. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत असंच चालू असतं आणि मासे ठीक दिसतात. मग एक दिवस घरातल्या कोणाला तरी साफसफाईचा उत्साह येतो, निम्मं पाणी काढून नवीन पाणी घातलं जातं, नवीन पाण्याने पीएच वर जातो, आणि साठलेल्या अमोनियमचा बराच भाग परत विषारी अमोनिया होतो. दुसऱ्या दिवशी मासे उलटे. घरात चर्चा अशी की पाणी बदललं म्हणून मेले, यापुढे बदलायचं नाही. अशा टाकीत आधी टेस्ट करायची आणि मग रोज थोडं थोडं, दहा टक्के पाणी बदलत आणायचं.

डास

मासे नसलेली पाण्याची टाकी चार-सहा आठवडे घरात म्हणजे डासांना आमंत्रण, आणि डेंग्यूचा डास बहुतेक साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बीएमसीची कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात घराघरांत येऊन मनी प्लांटच्या बाटल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते, तुमची टाकी पण त्यात येते. उपाय सोपा, वर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी, आणि फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहील असं बघा. याने ऑक्सिजनपण मिळतो, जो गरम पाण्यात आधीच कमी असतो. डास मारायचं औषध मात्र टाकीत कुठलंही घालू नका.

लाइट गेली, गावाला गेलो

मुंबईत लाइट फारशी जात नाही, पण 12 ऑक्टोबर 2020 ला गेली तशी गेली तर फिल्टर तासन्‌तास बंद. एक-दोन तास काही होत नाही, त्यापुढे आत ऑक्सिजन संपत जातो, बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये तर लवकरच. बॅटरीवर चालणारा एअर पंप एखादा घरात असू द्या, स्पंज फिल्टरला तो थेट जोडता येतो, हा पण एक स्पंज फिल्टरचा फायदा.

त्याहून जास्त सायकली गावाला जाताना मरतात. गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जायचं म्हणून निघताना मेन स्विच बंद करायची आपल्याला सवय असते. सायकल चालू असताना तेवढं करू नका, टाकीचा आणि फ्रिजचा पॉइंट चालू ठेवून बाकीचे बंद करा. फिल्टर चालू असेल तर आठवडा-दहा दिवस अमोनिया नाही मिळाला तरी बॅक्टेरिया मरत नाहीत, थोडे सुस्तावतात, आल्यावर एक डोस दिला की जागे होतात. त्यामुळे डोस द्यायला शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, आणि शेजाऱ्यांनी जास्त घातला तर अजून पंचाईत.

झाली हे कसं ओळखायचं

नायट्राइट एक दिवस अचानक उतरतं, आज जांभळं आणि परवा आकाशी. तेव्हा परीक्षा घ्यायची. पूर्ण डोस, 10 मिली, आणि 24 तासांनी टेस्ट. अमोनिया शून्य आणि नायट्राइटपण शून्य, दोन्ही, तरच पास. अमोनिया शून्य पण नायट्राइट थोडं असेल तर अजून काही दिवस. मी लागोपाठ दोन वेळा पास झाल्याशिवाय मानत नाही, पण मी जरा जास्तच सावध आहे.

पास झाली की पाऊण टाकी पाणी बदला, कारण दर पूर्ण डोसमागे सातेक पीपीएम नायट्रेट साठलेलं असतं, आता ते बरंच झालं असेल. ते 20 च्या खाली आणा. नवीन पाण्यातला क्लोरीन घालवायला विसरू नका, इथपर्यंत येऊन नळाचं पाणी थेट पाइपने सोडलं तर सगळं परत पहिल्यापासून. पाणी बदलल्यावर केएचही परत मोजा. मासे दोन-चार दिवसांनी येणार असतील तर तोपर्यंत रोज 5 मिली चालू ठेवा, आणि माशांच्या आदल्या दिवशी बंद.

मासे

परीक्षा पास झालेली टाकी पहिल्या दिवशी बऱ्यापैकी मासे झेलते, तरी मी निम्मे आधी आणि निम्मे दोन आठवड्यांनी आणायला सांगेन. बीएमसीच्या मऊ पाण्यात निऑन टेट्रा, रासबोरा, बेटा हे खूश असतात. गप्पी आणि मोली यांना थोडं जड पाणी आवडतं, ते शिंपल्यांवर चालवून घेतात. 50 लिटरमध्ये आठ-दहा छोटे मासे पुष्कळ झाले. गोल्डफिश, ऑस्कर, ते शार्क म्हणून विकतात ते, यातलं काहीही या टाकीत नको, दुकानात बोटभर दिसतात म्हणून फसू नका. बेटा आणायचा तर नर एकच.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, शेवटी जाळीने मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या दिवशी खाणं नाही. नंतरही दोन मिनिटांत संपेल एवढंच. पहिला आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट करा, जरासं दिसलं तरी पाव टाकी पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद.

फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा, तपकिरी पाणी निघेल, बास, पांढराशुभ्र करायला जाऊ नका. बदलायची वेळ आलीच तर नवीन स्पंज जुन्यासोबत महिनाभर चालवा आणि मग जुना काढा.

मासे आधीच आणून बसला असाल तर

हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण याच गटात असणार, तर ऐका. नवसागर वगैरे काही घालायचं नाही, मासेच अमोनिया देतायत. रोज टेस्ट, अमोनिया किंवा नायट्राइट 0.5 च्या जवळ गेलं की त्याच दिवशी तीस-चाळीस टक्के पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं. खाणं एक दिवसाआड, अगदी कमी. नायट्राइट दिसत असेल तर साधं जाडं मीठ, 50 लिटरला 5 ग्रॅम, एकदाच, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांमधून आत शिरायला अडवतो. पाणी बदललं की जेवढं बदललं तेवढ्याच प्रमाणात मीठ परत घाला, पूर्ण डोस नाही. आणि एखादा मासा गेला तर त्याच्या जागी लगेच दुसरा आणू नका, दोन्ही टेस्ट आठवडाभर सलग शून्य येईपर्यंत थांबा.